रुग्णाचे म्हणणे : मोजायचे कसे, सांगायचे कसे

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. आम्ही डॉक्टर नाही. मराठी आणि अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसतो आहोत. असा माणूस आरोग्यावर काय बोलणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल, तर ती रास्त आहे. सचिवांनी विषय विचारला तेव्हा आम्ही आमच्या घरातल्या दोन गोष्टी त्यांना सांगितल्या. ते म्हणाले, “हेच बोला.” म्हणून आज उभे आहोत.

पहिली गोष्ट आमच्या आईची. चार वर्षांपूर्वी तिला कर्करोग झाला. ऑपरेशन झाले आणि मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झाले. प्रत्येक वेळी आधी तपासणी व्हायची. डॉक्टर विचारायचे, “काय आजी, कसं आहे?” आई म्हणायची, “बरं हाय, साहेब.” “काही त्रास?” “न्हाई.” संपले. केसपेपरवर लिहिले जायचे, ‘तक्रार नाही’. चौथ्या खेपेच्या आधी घरात तिच्या हातून पाण्याचा पेला निसटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निसटला. तेव्हा आमच्या घरातून कळले की, गेले पाच आठवडे आईला ब्लाउजची हुकं लावता येत नव्हती आणि ती सुनेकडून लावून घेत होती. हातापायाला मुंग्या येत होत्या, तळवे बधिर झाले होते. काही औषधांनी नसांवर असा परिणाम होतो आणि तो वेळीच कळला तर मात्रा कमी करता येते. डॉक्टरांनी ती लगेच कमी केली आणि विचारले, “आधी का नाही सांगितलंत?” आई गप्प राहिली. घरी आल्यावर आम्हाला म्हणाली, “एवढे मोठे डागदर, भाईर रांग लागलेली, त्यांचा खोळंबा कशाला करायचा? आन् तक्रार केली तर औषध बंद केलं म्हंजे?”

दुसरी गोष्ट आमच्या मुलीची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. झोपाळ्यावरून पडली आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घातले. दुसऱ्या दिवशी दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला विचारले, “काही त्रास?” आम्ही म्हणालो, “नाही, शांत आहे.” त्या रात्री ती झोपलीच नाही. बोटे सुजून निळसर दिसू लागली. धावत गेलो. प्लास्टर घट्ट बसले होते, ते कापावे लागले. थोडक्यात निभावले. परत येताना आम्ही तिला म्हणालो, “अगं, सकाळी बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही.”

दोन्ही वेळा रुग्णालयाचा दोष किती आणि आमचा किती, हा हिशोब आम्ही आज मांडत नाही. आमचाही होता, एवढे खरे. पण या दोन घटनांनंतर आम्हाला एक प्रश्न पडला. ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे, साखर मोजायला रक्त आहे. मग दुखणे कशाने मोजायचे? थकवा, भीती, झोप न लागणे, हुक न लावता येणे, हे कुठल्या नळीत चढते? शोध घेतला तेव्हा कळले की, जगभर शेकडो माणसे गेली कित्येक वर्षे याच प्रश्नावर संशोधन करीत आहेत. त्यात डॉक्टर आहेत, तसेच मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि भाषेचे अभ्यासकही आहेत. या अभ्यासाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. रुग्णाची प्रकृती उपचाराने किती सुधारली, हे रुग्णाने स्वतः सांगायचे, मध्ये दुसऱ्या कोणी त्याचा अर्थ लावायचा नाही, आणि ते सांगणे इतक्या काटेकोरपणे नोंदवायचे की ते रक्ताच्या तपासणीइतकेच भरवशाचे ठरावे.

हे नेहमी असे नव्हते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी ० ते १०० अशी एक मोजपट्टी केली. १०० म्हणजे काहीही तक्रार नाही, ० म्हणजे मृत्यू. मध्ये दहादहाच्या पायऱ्या. रुग्ण आपले काम करू शकतो का, त्याला दुसऱ्याची मदत लागते का, हे पाहून आकडा द्यायचा. केवळ गाठ किती लहान झाली हे न पाहता माणूस कसा जगतो आहे हे पाहणे, हे त्या काळी मोठेच पाऊल होते. तथापि आकडा देणार कोण? डॉक्टर. रुग्ण नव्हे.

त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेची घटना तयार झाली. १९४६ साली तिच्यावर सह्या झाल्या आणि ७ एप्रिल १९४८ पासून ती अमलात आली. तिच्यात आरोग्याची व्याख्या करताना असे म्हटले की, रोग नसणे एवढ्यापुरते आरोग्य मर्यादित नाही; शरीर, मन आणि समाजातले जगणे या तिन्ही बाबतींत माणूस सुस्थितीत असणे म्हणजे आरोग्य. व्याख्या सुंदर झाली. पण मन आणि समाजातले जगणे मोजायचे तर त्या माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. १९८७ साली युरोपातील काही संशोधक एकत्र आले आणि त्यांनी पुढे पाच बाबींची एक छोटी प्रश्नावली केली : चालणे-फिरणे, स्वतःचे आवरणे, रोजची कामे, वेदना, आणि चिंता वा उदासी. तिला ईक्यू-५डी म्हणतात. १९९२ साली अमेरिकेत एसएफ-३६ ही छत्तीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ च्या सुमारास जीवनमानाची प्रश्नावली तयार करायला घेतली, तेव्हा जगातील जी पंधरा केंद्रे निवडली त्यांत आपल्या देशातील दिल्ली आणि मद्रास ही दोन होती. तिच्या छोट्या आवृत्तीत सव्वीस प्रश्न आहेत आणि त्यांत झोप, वेदना यांच्याबरोबर घर, पैसा, सुरक्षितता, प्रवासाची सोय हेही विचारले जाते. आपल्या वस्तीतील माणसाला हे प्रश्न आरोग्याचे आहेत हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न विचारण्यात शास्त्र ते काय? “कसं वाटतंय?” हे तर कोणीही विचारतो. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही परीक्षा देता म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. वाईट प्रश्नपत्रिकेने हुशार मुलगाही नापास होतो आणि ढ मुलगाही पास होतो. तसेच हे आहे. चांगली प्रश्नावली करायची तर आधी त्या आजाराच्या रुग्णांशी बोलावे लागते, त्यांना काय खुपते हे त्यांच्याच तोंडून ऐकावे लागते. मग प्रश्न लिहून ते काही रुग्णांपुढे ठेवतात आणि विचारतात, “या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतलात?” अर्थ वेगळा घेतला असेल तर प्रश्न बदलतात. त्यानंतर तीन कसोट्या लागतात. पहिली, प्रकृती बदलली नसेल तर आज आणि पुढच्या आठवड्यात उत्तर साधारण तेच यायला हवे. काटा हलता असेल तर तराजू काय कामाचा? दुसरी, जे मोजायचे तेच मोजले जायला हवे. थकवा विचारताना उदासी मोजली जाऊ नये. तिसरी, प्रकृतीत खरोखर फरक पडला तर आकड्यात तो उतरायला हवा. यापुढे आणखी एक बारीक प्रश्न असतो. शंभरात तीन गुण वाढले याला रुग्ण सुधारणा म्हणेल काय? रुग्णाला स्वतःला जाणवणारा किमान फरक किती, हे वेगळे शोधावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००४ साली प्रॉमिस नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्यात प्रश्नांच्या पेढ्याच केल्या आहेत. वेदनेची एक पेढी, थकव्याची एक, झोपेची एक. संगणक पेढीतून पहिला प्रश्न काढतो आणि उत्तर पाहून दुसरा निवडतो. तुम्ही सांगितले की दोन मजले चढून जाता येते, तर खुर्चीवरून उठता येते का हे तो विचारीत बसत नाही. त्यामुळे पाच-सहा प्रश्नांत काम भागते. आकडा असा बसवला आहे की ५० म्हणजे ज्या लोकसमूहाशी तुलना करायची त्याची सरासरी. वेदनेत ६० आले तर सरासरीपेक्षा वेदना जास्त. चालण्या-फिरण्याच्या क्षमतेत ४० आले तर क्षमता कमी.

यातील सर्वांत रंजक भाग, निदान आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला, भाषांतराचा आहे. बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीत जन्मल्या. एसएफ-३६ च्या मूळ प्रतीत मध्यम कष्टाची कामे म्हणून टेबल सरकवणे, झाडण्याचे विजेचे यंत्र ढकलणे आणि गोल्फ खेळणे अशी उदाहरणे आहेत. आमच्या आईला विचारा, “गोल्फ खेळताना त्रास होतो का?” ती म्हणेल, “न्हाई बाबा, कधीच झाला न्हाई.” आणि तिला पूर्ण गुण मिळतील! उदास वाटण्याला इंग्रजीत निळ्या रंगाचा शब्द वापरतात. त्याचे शब्दशः मराठी केले तर रुग्ण आपले हात निळे पडलेत का ते पाहील. म्हणून या कामाची एक पद्धत ठरली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, त्या दोहोंतून एक पक्के करायचे, मग ज्याने मूळ प्रत पाहिलेली नाही अशा तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे, मूळ अर्थाशी ताडून पाहायचे आणि शेवटी खऱ्या रुग्णांना वाचून दाखवायचे. आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपातील प्रश्नावल्या हिंदी आणि मराठीतून तपासून पाहिल्या व ते संशोधन २००५ साली प्रसिद्ध केले.

खरे तर दुखण्याच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द गोळा केले आहेत, कारण वेदनेचा प्रकार कळला तर तिचे मूळ शोधायला मदत होते. आपल्याकडे पाहा. दाढेत ठणका लागतो, गळू ठसठसते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, डोळे चुरचुरतात, जखम झोंबते, पोटऱ्यांत गोळे येतात, सांधे आखडतात, पायाला मुंग्या येतात, छातीत जळजळते. यातील प्रत्येक शब्द डॉक्टरांना वेगळी वाट दाखवतो. मुंग्या आणि बधिरपणा म्हटले की लक्ष नसांकडे जाते, ठसठस म्हटले की पू झाला असावा अशी शंका येते. एवढी शब्दांची श्रीमंती घरी ठेवून आपण दवाखान्यात जातो आणि “बरं आहे” हे दोनच शब्द खर्च करतो.

आता मुलांकडे वळू. पुष्कळ वर्षे असा समज होता की लहान मुलाला काय कळते, आईबापांना विचारले की झाले. संशोधनाने हा समज बराच खोडून काढला. आईबाप आणि मूल यांची उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा असे दिसले की चालणे, धावणे, खेळणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत त्यांचे बऱ्यापैकी जमते. पण भीती, दुःख, एकटेपणा अशा आतल्या गोष्टींत फारसे जमत नाही. जेम्स वार्नी यांनी मुलांसाठी केलेली पेड्सक्यूएल ही प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात २३ प्रश्न आहेत : शरीराचे, मनाचे, सवंगड्यांचे आणि शाळेचे. पाच वर्षांपासूनची मुले स्वतः उत्तरे देतात. दोन वर्षांपासूनच्या मुलांबद्दल आईबापांना विचारतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना मोठे माणूस प्रश्न वाचून दाखवते आणि उत्तरासाठी तीनच चेहरे असतात. हसरा, मधला आणि रडवा. प्रॉमिसमध्ये आठ वर्षांपासूनची मुले स्वतः भरतात. ईक्यू-५डीची मुलांसाठीची आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली; तिची भाषा मुलांना कळेल अशी सोपी केली आहे.

चेहऱ्यांची कल्पना कशी आली तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात भाजलेल्या मुलांच्या कक्षात डोना वाँग आणि कॉनी बेकर काम करीत होत्या. मुलांना आकड्यांनी वेदना सांगता येत नव्हती, म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सहा चेहऱ्यांची पट्टी केली. हसऱ्या चेहऱ्यापासून अश्रू गाळणाऱ्या चेहऱ्यापर्यंत. मूल बोट ठेवते आणि परिचारिकेला कळते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हरकत घेतली की हसू आणि अश्रू दाखवले तर मूल वेदनेऐवजी आपला आनंद किंवा दुःख सांगेल. न रडणारा धीट मुलगा शेवटच्या चेहऱ्यावर बोटच ठेवणार नाही. म्हणून २००१ साली जी सुधारलेली पट्टी आली तिच्यात सहाच चेहरे आहेत, पण हसू नाही आणि अश्रूही नाहीत. फक्त कपाळ, डोळे आणि तोंड यांवरचा ताण वाढत जातो. पाहा, एका अश्रूवर किती विचार झाला! आणि आम्ही मात्र नऊ वर्षांच्या मुलीला एक शब्दही न विचारता “शांत आहे” असे सांगून मोकळे झालो होतो.

या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने एप्रिल २००९ पासून चार ऑपरेशनांच्या रुग्णांकडून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अशी प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली. खुब्याचा सांधा, गुडघ्याचा सांधा, जांघेतील हर्निया आणि पायाच्या फुगलेल्या शिरा, अशी ती चार ऑपरेशने. शेवटची दोन २०१७ साली वगळली. खुब्याच्या प्रश्नावलीत बारा साधे प्रश्न आहेत. जिना चढता येतो का, मोजे घालता येतात का, दुखण्याने झोपमोड होते का. सांधा एक्स-रेत उत्तम बसलेला दिसतो. पण माणसाला रात्री झोप लागते का, हे एक्स-रे सांगत नाही.

दुसरे उदाहरण आम्हाला व्यक्तिशः फार लागले. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात डॉ. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी ७६६ रुग्णांवर एक अभ्यास केला. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांनी बारा नेहमीच्या त्रासांबद्दल स्वतः संगणकावर नोंद करायची. त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जायची. बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे, म्हणजे डॉक्टरांनी विचारले तर सांगायचे. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार स्वतः नोंद करणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने निघाले आणि दुसऱ्यांचे २६ महिने. पाच महिन्यांचा फरक! आता घाईने टाळ्या वाजवू नयेत. पुढे त्याच डॉक्टरांनी ५२ ठिकाणी मोठा अभ्यास केला. तेथे रुग्णांची हालचाल, त्रासावरील नियंत्रण आणि जीवनमान सुधारले; पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे सांगितल्याने आयुष्य वाढतेच असे कोणी म्हणू नये. पण सांगितल्याने आहे ते आयुष्य सुसह्य होते, एवढे निश्चित म्हणता येईल. या रुग्णांच्या जागी आम्हाला पेला हातातून निसटणारी आमची आई दिसली.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. रुग्ण जे सांगेल ते खरे मानायचे, हे ठीक; पण जो सांगतच नाही त्याचे काय? प्रा. अमर्त्य सेन यांनी याकडे लक्ष वेधले आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४४ साली कलकत्त्याजवळ सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली प्रकृती वाईट किंवा जेमतेम असल्याचे सांगितले. विधवांपैकी किती जणींनी असे सांगितले असेल? २.५ टक्के. त्या काळातल्या विधवेची दशा तुम्हाला सांगायला नको. त्या बाया निरोगी नव्हत्या. आपल्या दुखण्याला किंमत आहे, ते कोणी विचारील आणि ऐकेल, ही अपेक्षाच त्यांच्या मनातून निघून गेली होती. २००२ साली सेन यांनी केरळ आणि बिहारची तुलना मांडली. केरळात माणसे जास्त जगत होती, पण आजार असल्याचे जास्त सांगत होती. बिहारात कमी जगत होती आणि कमी सांगत होती. शिक्षण वाढले, दवाखाना जवळ आला, की माणसाला आपले दुखणे दुखणे म्हणून ओळखू येते. म्हणून केवळ सांगण्यावर विसंबून धोरण ठरवले तर गप्प माणसाच्या वाट्याला काहीच येणार नाही. त्याचे म्हणणे आणि तपासणी, दोन्ही शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

बंधू-भगिनींनो, आपल्या मागच्या पिढ्यांनी किती सोसले हे आम्ही या व्यासपीठावरून नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केले, त्याला मोठ्या टेबलापलीकडच्या माणसापुढे तोंड उघडणे जड जाते. “बरं हाय, साहेब” हे आमच्या आईचे उत्तर प्रकृतीचे नव्हते, ते सवयीचे होते. बँकेतही आम्ही हे रोज पाहतो. फॉर्म कळलेला नसतो, पण “कळलं का?” विचारले की मान होकारार्थी हलते. तेव्हापासून आम्ही “कळलं का?” विचारणे सोडून दिले आहे. “आता तुम्ही काय करणार, ते मला सांगा बरं,” असे विचारतो. मग खरे कळते. डॉक्टरांनीही “काही त्रास?” असे न विचारता “हुकं लावता येतात का? रात्री कितीदा जाग येते?” असे विचारावे. प्रश्नावलीचे मर्म हेच आहे. ती प्रत्येकाला तेच नेमके प्रश्न विचारते, रांग कितीही मोठी असो.

येथे विनयपिटकातील एका प्रसंगाची आठवण होते. अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः स्वच्छ केले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पण त्याच ठिकाणी पुढे जे सांगितले आहे त्याकडे आपले लक्ष कमी जाते. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणे सोपे जाते, याची काही लक्षणे तेथे दिली आहेत. त्यांतले एक असे की, तो शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगतो. वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे. म्हणजे दुखणे लपवणे हा तेथे सहनशीलतेचा गुण मानलेला नाही. खरे सांगणे हे रुग्णाचे कामच मानले आहे.

आमच्या घरी आता काय चालते ते सांगून संपवतो. आईसाठी एक वही केली. दर रविवारी पाच गोष्टी लिहायच्या : दुखणे, झोप, भूक, हातापायाचा बधिरपणा आणि मन. प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा. आईला आकडे पटेनात. ती म्हणाली, “मला आण्यात विचार.” मग सोळा आण्यांचा हिशोब ठरला. “आज झोप बारा आणे, मुंग्या चार आणे.” संख्याशास्त्राच्या लोकांना ही पट्टी चालेल की नाही माहीत नाही, पण वही पुढे केल्यावर डॉक्टरांना दोन मिनिटांत सहा आठवड्यांचे चित्र दिसले आणि त्यांनी वहीचा फोटो काढून घेतला. उपचार संपले आहेत. बोटांच्या टोकांना थोडा बधिरपणा अजून आहे, दोन आणे म्हणा. हुकं ती स्वतः लावते.

तेव्हा संस्थेच्या सभासदांना आमची विनंती एवढीच. दवाखान्यात जाताना केसपेपरबरोबर अशी एक वही न्या. कधीपासून, कुठे, कशा प्रकारचे दुखते आणि त्यामुळे कोणते काम अडते, मांडी घालून बसणे की भाकरी थापणे, हे घरून लिहून न्या. म्हातारी माणसे सोबत असतील तर त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका. मूल सोबत असेल तर डॉक्टरांना म्हणा, “आधी तिला विचारा.” आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन कामे आहेत. पहिले याच रविवारचे. आपल्या आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. ‘बरं आहे’ म्हणाले तर उठू नका, नेमके विचारा. दुसरे पुढच्या आयुष्याचे. तुमच्यातील कोणी संख्याशास्त्र घेईल, कोणी मानसशास्त्र, कोणी नर्सिंग, कोणी आमच्यासारखा मराठी. या संशोधनात या सर्वांना जागा आहे. आपल्या माणसांचे दुखणे आपल्या शब्दांत कसे विचारावे, हे आपल्या घरातून आलेल्या मुलामुलींना जितके कळेल तितके बाहेरच्याला कळायला वेळ लागेल.

 जयभीम.